उभ्या गाडीचा दिवा

किक मारली आणि गाडी सुरू झाली नाही, की मला पहिला राग गाडीचा यायचा नाही, आईचा यायचा. हे वाचून कुणी मला नालायक म्हटलं तरी चालेल. त्या नवरात्रात सकाळी सकाळी अंगणात उभं राहून पोटरी फुटेपर्यंत किक मारायची वेळ त्यांच्यावर आली असती, तर त्यांनाही असाच राग आला असता.

तेव्हा मी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. आयटीआय करून लागलो होतो, पण टेंपररी. कंपनीची बस पक्क्या माणसांसाठी होती, आमच्यासारख्यांनी आपापलं यायचं. आम्ही राहायचो सक्करदऱ्याला, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पहिल्या पाळीला वेळेवर पोचायचं तर गाडी हवी, म्हणून इतवारीतल्या एका भांड्याच्या व्यापाऱ्याची जुनी मोटरसायकल घेतली होती. टाकीवरचा रंग उडालेला, सीट फाटलेली, पण इंजिनाचा आवाज असा, की गल्लीत वळलो की चार दारं उघडायची. घरात आई आणि मी, दोघंच.

मला मुळात एका जागी बसवत नाही. जेवताना पाय हलवतो, बोलताना खोलीभर फिरतो, आणि कुठं जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासूनच निघालेला असतो. आई नेमकी उलटी. ती दारात बसली की दिवेलागणीपासून मी दिसेपर्यंत हलायची नाही. जेवायचीही नाही. उशीर झाला की मी घराच्या वळणावरच गाडी हळू करायचो, कारण ती पायरीवर कशी बसली असेल ते ठाऊक असायचं. भूक मेलेली, तोंड उतरलेलं, आणि मला पाहून एक शब्दही न बोलता आत जाऊन ताट वाढणारी. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्यामागं कारण होतं, आणि ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. मी शाळेत असताना वडील गेले. इतवारीच्या धान्यबाजारात ते तोलाईला होते आणि सायकलनं जा-ये करायचे. तेव्हा आमचं घर उमरेड रोडवर, वस्तीच्या बाहेर होतं. एका संध्याकाळी वाटेत चेन उतरली, ती चढवायला ते खाली उतरले, आणि मागून ट्रक आला. सायकलला डायनामोचा दिवा होता. तो चाकाला घासून लागतो, चाक थांबलं की दिवाही विझतो. उभ्या सायकलला दिवा नव्हता, अंधारात माणूस दिसला नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले. ट्रकवाला म्हणाला, पोलीस म्हणाले, तेराव्याला जेवायला आलेले नातेवाईकही म्हणाले. आईनं ते ऐकून घेतलं.

मी मोटरसायकल आणली त्या दिवशी आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि एकच अट घातली. गाडी उभी असली तरी तिचा मागचा दिवा लागला पाहिजे. इंजिन बंद असो, किल्ली काढलेली असो, रस्त्यावर उभ्या गाडीला अंधार नको. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही, उलट कारागिरी दाखवायची संधी वाटली. नंबरप्लेटच्या वर एक लाल बल्ब बसवला, त्याची वायर किल्लीतून न नेता सरळ बॅटरीवर घेतली आणि सीटखाली एक बटण दिलं. कुठं थांबलो तर दाबायचं, घरी आलो की बंद. आई खूश झाली. मला वाटलं, मिटलं.

माझीही हौस कमी नव्हती, हे कबूल करायला हवं. पहिल्या दोन पगारांत मी पुढं एक पिवळा फॉगलॅम्प लावला, दोन तोंडांचा हॉर्न लावला, इंडिकेटर दिला की पीं पीं वाजणारा बझर लावला. सहा व्होल्टची म्हातारी गाडी ती. तिच्या बॅटरीचा जीव तो केवढा. हॉर्न वाजवला की हेडलाइट डोळा मारायचा. कारखान्यातले सोबती म्हणायचे, गाडीला पंखा आणि रेडिओ तेवढा लाव, म्हणजे घर भाड्यानं देता येईल.

आणि मग नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतात. कोपऱ्यात पाटावर माती पसरून त्यात गहू पेरायचे, वर घट ठेवायचा, शेजारी अखंड दिवा. तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. घरात कुणीतरी असलंच पाहिजे, तेल पाहिलं पाहिजे, वात पुढं सारली पाहिजे. आई त्या दिवसांत बाजारालाही जायची नाही. घटस्थापनेच्या दिवशी पूजा आटोपून ती हातात कुंकवाचा करंडा घेऊन अंगणात आली. मला वाटलं, गाडीची पूजा करते आहे. तिनं माझ्याकडून तो मागचा बल्ब सुरू करून घेतला, त्या लाल काचेला कुंकू लावलं, आणि सीट उचलायला सांगून बटणावर पूजेतला लाल धागा गच्च बांधला.

"आता दसऱ्यापर्यंत हाबी विझू द्यायचा नाही," ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. तेलाच्या दिव्यात तेल घालता येतं, बॅटरीत असं तेल घालता येत नाही, हे मी तिला समजावलं. तर म्हणाली, तू शिकलेला आहेस, तूच बघ काय घालायचं ते.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर बल्ब जळत राहिला, सकाळी तो मिणमिणत होता आणि बॅटरीत ठिणगीपुरताही जीव उरला नव्हता. आमच्या गाडीला ठिणगी बॅटरीतूनच मिळायची. बॅटरी मेली की किक मारून गुडघा निखळेल, इंजिन साधं खोकणारही नाही. शेवटी शेजारच्या दोघांना उठवून गल्लीच्या तोंडापर्यंत धक्का मारून घेतला. गाडी कशीबशी पेटली. कारखान्याच्या गेटवर पोचलो तेव्हा भोंगा होऊन गेला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खात्यातल्या टेंपररी माणसांपैकी काहींना दसऱ्यानंतर पक्कं करणार होते. फोरमन मला बाजूला घेऊन म्हणाला होता, काम चांगलं आहे तुझं, फक्त गेटवर वेळेत दिस. म्हणजे गाडी अडली तर नोकरी जाणार, आणि दिवा विझवला तर आईची उरलीसुरली झोप. मी या दोन्हींच्या मध्ये अडकून पिंजऱ्यातल्या माकडासारखा येरझाऱ्या घालत होतो.

आधी माझी हौस उतरवली. फॉगलॅम्प गेला, बझर गेला, दोन तोंडांचा हॉर्न जाऊन मूळचा घसा बसलेला हॉर्न परत आला. ब्रेकचा दिवा काढला. स्पीडोमीटरमधला बारीक बल्बसुद्धा काढला. सगळं काढून झालं तरी उभ्या गाडीची बॅटरी पिणारा तो एक लाल बल्ब तसाच राहिला, आणि रोज सकाळी धक्का मारूनच गाडी निघायची. त्याच्या जागी त्याहून मंद बल्ब बसवला, तर आईला लगेच कळलं. म्हणाली, हा मरतुकडा दिवा कोणाले दिसणार.

मग मी तिला लाल रिफ्लेक्टर आणून दाखवला. मागून गाडीचा उजेड पडला की तो आपोआप चमकतो, बॅटरी लागत नाही, विझायचा प्रश्नच नाही. टॉर्च मारून दाखवली. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि परत दिला. मागच्याचाच दिवा बंद असला तर, असं तिचं म्हणणं. यावर मी मनातल्या मनात भरपूर बोललो. सेलवर चालणारा वेगळा दिवा लावतो म्हटलं, तर म्हणाली, देवाचा दिवा बदलत नसतात.

वर लोकांचा छळ होताच. रस्त्यात दिवसा कुणाच्या गाडीचा दिवा सुरू दिसला की ते सांगितल्याशिवाय आपल्याकडच्या माणसाला चैन पडत नाही. पानठेल्यावरचा सांगायचा, रिक्षावाला पंजा उघडमीट करून खूण करायचा, सायकलवरची शाळकरी पोरं ओरडायची, भाऊ लाइट सुरू हाय. कारखान्याच्या स्टँडवरचा वॉचमन रोज खात्यात निरोप पाठवायचा. मी रोज तेच सांगायचो, माहीत आहे, राहू दे. खात्यात इलेक्ट्रिशियन आणि गाडीचा दिवा बंद करता येत नाही, यावर चहाच्या सुटीत जी करमणूक व्हायची ती वेगळीच.

संध्याकाळी घरी आलो की मी आईशी भांडायचो. घटाला गव्हाचे पिवळे कोंब फुटले होते, त्यांच्याकडे पाठ करून मी अँपियर आणि व्होल्ट तिला ऐकवायचो. ती ऐकायची, वात पुढं सारायची आणि विचारायची, जेवतं का आता. मी खूप चिडचिडा झालो होतो. शहर सोडून कुठंतरी लांब, भिलाईला नाहीतर बोकारोला जावं, असं रोज वाटायचं. तिकडं कोणी दारात बसून वाट पाहणारं नसेल, हा त्यातला सगळ्यात मोठा मोह होता. तिला एकटीला टाकून जायचा विचार करतो म्हणून स्वतःचाच राग यायचा, आणि तोही फिरून तिच्यावरच निघायचा.

सुटीच्या दिवशी पारशिवनीहून निरोप आला, मामाला तापानं घेरलं आहे. आईचा हा एकच भाऊ. नवरात्रात कोराडीच्या देवीला जाणाऱ्यांच्या गर्दीमुळं एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई बराच वेळ घटासमोर बसली. मग शेजारच्या काकूंना तेल कसं घालायचं, वात कशी सारायची ते सांगितलं, आणि पदर कमरेला खोचून गाडीजवळ येऊन उभी राहिली. तोवर ती माझ्या गाडीवर कधीच बसली नव्हती.

 जाताना ती सीटच्या कडेची दांडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. कन्हान नदी ओलांडल्यावर मी मागं वळून विचारलं, भीती वाटते का, तर म्हणाली, मागं नको पाहू, समोर पाय.

मामा बरा होता. ताप उतरला होता आणि तो खाटेवर बसून तुरीचं पीक कसं आहे ते सांगत होता. आईनं त्याच्यासाठी भात केला, मी शेतावर फिरून आलो, पुन्हा जाऊन आलो, चार वेळा निघू या म्हणालो. गाडी त्यांच्या अंगणात उभी होती आणि भर उन्हात तिचा मागचा दिवा लागलेला होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि आतल्या आत जळत होतो. सीटखालचा तो धागा तोडायला कितीसा वेळ लागला असता. पण आई पाहत होती.

निघायला उशीर झाला आणि गाडी सुरू झाली नाही. मामाच्या शेजाऱ्यांनी धक्का मारला. इंजिन लागलं, पण हेडलाइट वाळल्या लिंबासारखा पिवळा. हमरस्ता लागायच्या आधी दोन्हीकडं धानाची शेतं आहेत, तिथं अंधारून आलं. इंजिन अडखळायला लागलं, मी एक्सलेटर पिळत राहिलो, आणि एका वळणाच्या पुढं गाडी बंद पडली. हेडलाइट गेला. मागचा लाल दिवा मात्र विडीच्या टोकाएवढा उरला होता. आम्ही दोघं उतरून त्याच्याकडे पाहत होतो, तेवढ्यात तोही विझला.

मागून ट्रकचा आवाज आला. मी आईच्या दंडाला धरून तिला ओढलं, गाडी रेटत रस्त्याच्या खाली मातीत उतरवली, आणि आम्ही गवतात उभे राहिलो. ट्रक आला, आमच्या अंगावर उजेड टाकून निघून गेला. धुराळा बसला. 

"विझला," आई म्हणाली.

इतक्या दिवसांचं साचलेलं माझ्या तोंडातून बाहेर आलं. तुह्या दिव्यानंच बॅटरी संपवली, मी म्हणालो. बाबा अंधारात उभे होते म्हणून गेले असं म्हणतं, आणि आज मलेबी तू अंधारातच उभं केलं. याहून वाईटही बोललो असेन. ती रस्त्याकडे तोंड करून उभी होती. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, घरी भाजी काय करू असं विचारते तसा.

"तुह्या बापाचा दिवा लागत असता, तरी काही फरक पडला नसता गा. तो रस्त्यावर नव्हताच. खाली होता, मातीत. आता आपण उभे आहोत तसा. ट्रकच खाली उतरला होता. मी तिथं गेली होती ना, पाहिले चाकाचे वळ मातीत, सायकलपर्यंत गेलेले."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं. मग सगळे दिवा नव्हता, दिवा नव्हता म्हणत होते तेव्हा तू का बोलली नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, कोणाले सांगू, अन् सांगून तो काय उठून येणार होता.

"मंग हा दिवा काहून लावाले लावला, माय?"

 शेतात कुठंतरी पंप चालू होता.

"तू सकाळी जातं अन् संध्याकाळी येतं," ती म्हणाली. "मधात मी काय करू, तूच सांग."

 अँपियर, व्होल्ट, रिफ्लेक्टर, सेलचा दिवा, सगळं तिला सांगून झालं होतं, आणि त्यातलं काहीच कामाचं नाही, हे तिला माझ्या आधीच ठाऊक होतं. दिव्यानं काही होत नाही, हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. मला रडू आलं. अंधार होता म्हणून बरं झालं, असं त्या जागी उभं राहून मनात आलं आणि त्याचीही लाज वाटली.

बॅटरीला थोडा वेळ विसावा दिला की तिच्यात जरासा जीव परत येतो. मी गाडीला टेकून थांबलो होतो, तेव्हा आईनं स्वतःच सीट उचलली, चाचपडत बटण शोधलं, धागा दातांनी तोडला आणि बटण बंद केलं. नवरात्र संपलं नव्हतं. तो तुटलेला धागा तिनं कमरेला खोचला. मग तिनं मागून गाडी रेटली, मी पुढून पळालो, आणि तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. ती पळत येऊन मागं बसली. दम लागला होता तिला. यावेळी तिनं दांडी धरली नाही, माझा शर्ट धरला. आम्ही कामठीपर्यंत एका एसटीच्या मागं मागं, तिच्या उजेडात आलो.

घरी काकूंनी दिवा नीट ठेवला होता. आईनं घटाला हात जोडले, भाकरी टाकली, आम्ही दोघं सोबत जेवलो. 

सकाळी मी पाळीसाठी बाहेर आलो. बॅटरी परतीच्या प्रवासात थोडी भरली होती. पहिल्या किकलाच गाडी सुरू झाली आणि गल्लीतली दारं नेहमीसारखी उघडली. भोंग्याला भरपूर वेळ होता. त्या दसऱ्यानंतर मी पक्काही झालो. आई पायरीवर आली. मला वाटलं, सांभाळून जाजो म्हणेल, नाहीतर निदान मागून फिरून गाडीकडे पाहील. तिनं पाहिलं नाही. पदरानं ओले हात पुसत ती म्हणाली, "जाय. येशीन तेव्हा येशीन."

आणि ती आत गेली. सगळा जन्म मला निघायची घाई. त्या दारातून कोणी वाट न पाहता मला जाऊ द्यावं, यासाठी मी इतके दिवस भांडत होतो. गाडी पायांखाली धडधडत होती, शेजारचे पाहत होते, आणि मला गिअर टाकता येईना. मी इंजिन बंद केलं, आत गेलो, आणि तिला म्हणालो, चहा दे.